ऑफिसबाहेरची फ्रेम: पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंगची माझी दोन वर्षं

ॲडमिशनचा मोसम आला की माझा फोन वाजायला लागतो. "ताई, तुम्ही पोस्ट बेसिक केलं नं, कसं आहे ते कॉलेज? घेऊ का मी तिथं?" दर वेळी अर्धा-अर्धा तास बोलून घसा बसतो. म्हणून यंदा एकदाच लिहून टाकते, विचारणाऱ्या प्रत्येकीला हेच पाठवीन. कॉलेजचं नाव लिहिणार नाही. नागपूर कितीही पसरलं तरी नर्सिंगचं नागपूर लहानच आहे. आज जिच्याबद्दल लिहीन ती उद्या एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरची परीक्षक, म्हणून समोर बसायची.

आधी माझं सांगते. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, केलं, मग धंतोलीतल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये तेरा वर्षं, त्यातली नऊ सर्जिकल वॉर्डात. हात चालतो माझा. सिस्टरला अंधारातसुद्धा शीर सापडते, असं आमच्या वॉर्डातल्या मावश्या म्हणतात. अडतिसाव्या वर्षी परत वह्या-पेन घेतले त्यामागे काही उदात्त विचार नव्हता. जीएनएमवर इन्चार्जच्या पुढं सरकता येईना, आणि शिकवायला जायचं तर डिग्री लागते. मुलगा नववीत होता. नवरा म्हणाला, दोघंही एकाच टेबलावर अभ्यास करा, लाईटबिल वाचेल.

कोर्स दोन वर्षांचा, जीएनएमवाल्यांना डिग्री देणारा. अभ्यासक्रम इंडियन नर्सिंग काउन्सिलचा, परीक्षा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. म्हणजे मानेवाड्याहून जा नाहीतर हिंगण्याहून, विषय तेच, पेपर तेच. मग एका कॉलेजातून निघालेली मुलगी पेशंटजवळ उभी राहते आणि दुसऱ्या कॉलेजातली फाइलजवळ, हे कसं काय होतं? मला याचं उत्तर दोन वर्षांनी मिळालं, आणि ते एका फ्रेममधून सुरू होतं.

ऑफिसबाहेर, फी भरायच्या खिडकीच्या बरोबर वर, सोनेरी काठाची फ्रेम आहे. मथळा ‘फिलॉसॉफी’. खाली बारा-तेरा वाक्यं. माणूस म्हणजे शरीर, मन, समाज, अध्यात्म हे सगळं मिळून एक. प्रत्येक व्यक्तीचा मान राखला जाईल. विद्यार्थिनीला स्वतंत्र विचार करायला शिकवलं जाईल. शिक्षण आयुष्यभर चालतं. ‘होलिस्टिक’च्या स्पेलिंगमध्ये एक एल जास्त पडलाय. ॲडमिशनच्या दिवशी रांगेत पाऊण तास उभी होते तेव्हा ती फ्रेम तीनदा वाचली, कारण वाचायला दुसरा फक्त फीचा तक्ता होता आणि तो वाचवत नव्हता. पुढं काउन्सिलचा अभ्यासक्रम उघडला तेव्हा कळलं की त्यात सुरुवातीलाच तत्त्वज्ञानाचा भाग असतो, आणि आमची फ्रेम बरीचशी तिथूनच उतरवलेली. संस्थापकांचं एक वाक्य तेवढं घरचं.

उतरवली म्हणून मी नाव ठेवणार नाही. वाक्यं चांगली आहेत. पण त्या दिवशी मला ती लग्नपत्रिकेवरच्या श्लोकासारखी वाटली. सगळेच छापतात, वाचतो कोण!

पहिल्या वर्षी आम्हाला नर्सिंग फाउंडेशन या विषयाला एक मॅडम होत्या. नाव नको, आम्ही त्यांना फाउंडेशनच्या मॅडम म्हणायचो, तेच चालू ठेवते. थिअरीचा पहिला तास झाला आणि आम्ही सगळ्या, म्हणजे पाच-दहा-पंधरा वर्षं ड्युटी केलेल्या बाया, मान खाली घालून जांभया दाबत होतो. पेशंट, परिसर, आरोग्य आणि नर्सिंग या चार खांबांवर नर्सिंगची प्रत्येक थिअरी उभी असते. नाइटिंगेलबाईंचं १८५९ चं पुस्तक, मग पेपलाउ आणि ओरेम या थिअरी मांडणाऱ्या अमेरिकन नर्स, पेपलाउचं १९५२ चं, ओरेमचं १९७१ चं. हे सगळं जीएनएमला एकदा पाठ करून विसरलेलं. माझ्या शेजारची वर्ध्याची मैत्रीण हळूच म्हणाली, "बाप्पा, आपण सलाईन लावून राह्यलो तेवढी बास नाही का?"

मॅडमनी ते ऐकलं असावं. त्या म्हणाल्या, सोमवारी वॉर्डात भेटू.

पोस्टिंग, म्हणजे वॉर्डातलं प्रॅक्टिकल, एका मोठ्या सरकारी दवाखान्यात. मला मिळालेले पेशंट काटोलकडचे, साठीचे काका, संत्र्याची बाग असलेले. पक्षाघाताला आठ-नऊ दिवस झालेले, डावा हात-पाय लुळा, उजवा चांगला. सकाळची वेळ, मी नेहमीसारखी वाटीत कोमट पाणी घेतलं, नॅपकिन पिळला आणि तोंड पुसायला हात पुढं केला. मॅडमनी माझं मनगट धरलं.

"उजवा हात चालतो नं त्यांचा?"

"हो मॅडम."

"मग तू कोणाचं काम करून राहिली?"

नॅपकिन काकांच्या हातात दिला. काकू पायथ्याशी बसल्या होत्या, त्यांना हे बिलकूल आवडलं नाही. "तुमीच पुसून द्या नं बाई, त्याईले काऊन त्रास देऊन राह्यल्या?" मला आतून काकूंचंच पटत होतं. बारा पेशंट अजून बाकी, राउंड नऊला. काकांनी नॅपकिन उचलला, कपाळ पुसलं, उजवा गाल पुसला, हनुवटी पुसली, परत उजवा गाल. मग नॅपकिन मांडीवर ठेवून आमच्याकडे बघितलं, झालं म्हणून. डाव्या गालावर रात्रीचं वरण वाळलेलं तसंच होतं. मी म्हटलं, काका, ही बाजू राहिली. त्यांनी परत उजवाच गाल पुसला.

मॅडम काही बोलल्या नाहीत. मला दोन मिनिटं लागली. काकांना डावी बाजू दिसतच नव्हती. डोळे धड होते, पण मेंदूच्या लेखी डावीकडचं जग उरलं नव्हतं. निग्लेक्ट म्हणतात ते, मेंदूच्या उजव्या भागाला मार बसला की होतं, पुस्तकात वाचलेलं. आठ-नऊ दिवस त्यांचं तोंड रोज कोणी ना कोणी लख्ख पुसून देत होतं, आणि त्या लख्ख चेहऱ्याखाली ही गोष्ट लपून बसली होती. केसपेपरवर कुठंच नोंद नव्हती. काकू म्हणाल्या, म्हणूनच का हे ताटातला अर्धाच भात खातात? मी विचारलं, कोणता अर्धा? काकूंनी बोटानं दाखवलं. डावीकडचा भात तसाच राहायचा आणि घरच्यांना वाटायचं भूक मेली.

त्या दिवशी दुपारी मॅडमनी ओरेम शिकवली, जेवणाच्या सुट्टीत, जिन्यात. माणूस आपली काळजी आपण घेत असतो. जिथं तो कमी पडतो तेवढ्या जागेत नर्सनं उभं राहायचं. काही ठिकाणी सगळंच करावं लागतं, काही ठिकाणी अर्धं, काही ठिकाणी नुसतं समजावून बाजूला व्हायचं. वाक्य म्हणून हे मला जीएनएमपासून माहीत होतं. पण कमी किती पडतो हे कळण्यासाठी आधी हात मागे घ्यावा लागतो, हे मला त्या वाळलेल्या वरणानं दाखवलं. तेरा वर्षांत मी किती जणांची तोंडं पुसली असतील! त्यातल्या किती जणांचं काय काय झाकलं गेलं असेल, याचा विचार आजही बसमध्ये येतो.

आणि इथंच मला मॅडमबद्दल जास्त आदर वाटतो, कारण त्यांनी ओरेम अमेरिकेहून आली तशी आमच्या डोक्यावर ठेवली नाही. आमच्याकडे पेशंट एकटा असतो कुठं? काकू आहेत, पुतण्या आहे, खाली झाडाखाली गावची चार माणसं आहेत. सेवा म्हणजे सगळं आपण करणं, हे काकूंच्या हाडात बसलेलं. ते काढून टाका म्हणणारी मी कोण? ओरेमच्या मांडणीत दुसऱ्यासाठी घेतलेल्या काळजीलाही जागा आहे, पण परीक्षेच्या नोट्समध्ये ती एका ओळीत उरकतात. मॅडमनी केअर प्लॅनच्या छापील रकान्यांवर पट्टीनं आणखी एक रकाना आखायला लावला. काका काय करतील, काकू काय करतील, मी काय करीन. काकूंच्या रकान्यात आलं: ताट थोडं डावीकडे सरकवून ठेवायचं, डावीकडून बोलायचं, भात राहिला की ताट फिरवायचं. डिस्चार्जच्या दिवशी काकू मला सांगत होत्या की डावीकडून हाक मारली की हे मान वळवतात, आधी भिंतीकडेच बघायचे. वॉर्डच्या सिस्टर मात्र माझ्यावर चिडलेल्याच राहिल्या, कारण तोंड धुण्यात रोज पंचवीस मिनिटं जायची. त्यांचंही खोटं नाही.

फ्रेममधली दुसरी ओळ आठवा, व्यक्तीचा मान. तोपर्यंत मला वाटायचं मान राखणं म्हणजे ‘अहो काका’ म्हणणं.

मग एप्रिल. नागपूरचा एप्रिल काय असतो ते नागपूरकराला सांगायला नको. बाहेरच्यांसाठी एवढंच की पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो आणि वर्गातला कूलर गरम वाफ फेकतो. मॅडम नाइटिंगेल शिकवत होत्या. ताजी हवा, उजेड, स्वच्छता, शांतता, योग्य ऊब, आहार. मागून एकीनं विचारलं, "मॅडम, मे महिन्यात खिडक्या उघडल्या तर पेशंट भाजून निघंल नं?" सगळ्या हसल्या. मॅडम म्हणाल्या, लंडनची बाई आहे, तिला लू माहीत नाही, पण चला जरा. आणि आम्हाला वर्गाच्या मागच्या बाजूला, कूलरच्या टाकीजवळ घेऊन गेल्या. झाकण काढलं. आत आमच्याच कॉलेजच्या पाण्यात अळ्या वळवळत होत्या, शेपटी वर, डोकं खाली.

नाइटिंगेलबाई नागपुरात असत्या तर त्यांनी खिडकीच्या आधी कूलर बघितला असता. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळायचा. टाकी नुसती रिकामी करून चालत नाही, कडा घासायच्या, कारण अंडी कोरड्यातही तग धरतात आणि पाणी आलं की परत जागी होतात. दुसऱ्या वर्षी कम्युनिटी पोस्टिंगला वस्तीत गेलो तेव्हा माझ्या बॅचच्या पोरी घरात शिरल्या शिरल्या आधी कूलरकडे जायच्या. लोक समजायचे महापालिकेच्या आहेत.

ऑफिसला मात्र तो तास आवडला नाही. मुलींसमोर कॉलेजची बदनामी, असं काहीतरी मॅडमना ऐकावं लागलं म्हणे. कूलर त्याच संध्याकाळी घासला गेला, हेही सांगायला हवं.

बारा मेचा, नाइटिंगेलबाईंच्या जयंतीचा, लॅम्प लायटिंगचा कार्यक्रम दणक्यात झाला, म्हणजे हातात दिवा घेऊन नर्सची शपथ. मंडप, पाहुणे, प्रत्येकीकडून वर्गणी. हातात जो अल्लाउद्दीनछाप दिवा देतात तसा नाइटिंगेलबाईंकडे नव्हताच, त्या वापरायच्या तो घडीचा तुर्की कंदील. आणि आपण जी शपथ घेतो ती त्यांनी लिहिलेलीही नाही. ती १८९३ ची, अमेरिकेत डेट्रॉइटला लिहिली गेलेली. हे मी मैत्रिणींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, आता गप्प बस, फोटो काढून राह्यले.

मॅटर्निटीची पोस्टिंग ऐन उन्हाळ्यात आली. बाळंतीण भंडाऱ्याकडची, कान स्कार्फनं घट्ट बांधलेले, अंगावर चादर, आणि सासूबाईंनी कूलर बंद करायला लावलेला. बाळाचं अंग तापलेलं. पूर्वीची मी असते तर सरळ कूलर लावला असता आणि सासूबाईंना दोन शब्द सुनावले असते. त्याच आठवड्यात लाइनिंगर झाली होती, रीतीभातींची थिअरी. काही गोष्टी राहू द्यायच्या, काहींत मधला रस्ता काढायचा, काही बदलायच्या. ऐकायला ताकासारखी पातळ वाटते. आम्ही काय केलं? स्कार्फ राहू दिला, त्यानं कोणाचं नुकसान नव्हतं. कूलरचं तोंड भिंतीकडे फिरवलं, खोली गार झाली आणि ‘वारं’ कोणाला लागलं नाही. आणि आजीच्या पदरात मधाची बाटली होती, ती थांबवायची होती. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देत नाहीत, त्यातून क्वचित का होईना फार वाईट विषबाधा होऊ शकते, आणि पहिल्या दुधाची वेळ जाते ते वेगळंच.

आजी ऐकेना. शेवटी कळलं की मधाचं गोडपण नकोच होतं तिला. "पयल्यानं जो चाटवते त्याचा गुण लागते लेकराले. माझा लागला पायजे." मॅडम म्हणाल्या, मग आजी, पहिल्यांदा बाळाला आईच्या छातीशी तुम्हीच धरा, आम्ही कोणी हात लावत नाही. आजीनं हात धुतले, पदर खोचला, आणि चीक पाजायला बाळाला असं लावलं की आमच्यातल्या दोघींना जमलं नसतं. मध पिशवीत गेला. परत निघाला असेल घरी जाऊन, मला माहीत नाही.

एवढं सगळं गोड लिहिलं म्हणून फसू नका. पहिलं वर्ष संपलं आणि मॅडम सोडून गेल्या. पगार वेळेवर होत नव्हता असं त्या कधी बोलल्या नाहीत, शिपायानं सांगितलं.

दुसऱ्या वर्षी तेच कॉलेज, तीच फ्रेम. वॉर्डात आमच्या बावीस जणींवर एक ट्युटर, तीही दुपारी बारानंतर ऑफिसच्या कामाला. काउन्सिलचं प्रमाण दहा विद्यार्थिनींमागे एक शिक्षक असं आहे. कागदावर ते पूर्ण होतं, इन्स्पेक्शनच्या दिवशी तर मी कधी न पाहिलेल्या दोन मॅडम स्टाफरूममध्ये चहा पीत बसल्या होत्या. स्किल लॅबमधल्या पुतळ्याचं प्लॅस्टिक त्या दिवशी निघालं, संध्याकाळी परत चढलं. लायब्ररी चांगली आहे, पुस्तकं नवी आहेत, पण कुलूप उघडणारी बाई एकला जेवायला जाते आणि तीनला येते. आमची पोस्टिंग संपून आम्ही पोचायचो दोनला.

केस बुकाचं, म्हणजे आपल्या पेशंटची केस लिहायच्या वहीचं, तर विचारूच नका. सीनियरची वही आणायची आणि उतरवायची. त्या वहीत एक रमेश आहे. रमेश, ५२ वर्षे, व्यवसाय शेती, ॲपेंडिक्सचं ऑपरेशन, नाडी ८२. आमच्या सीनियरच्या वहीत तो होता, तिच्या सीनियरच्या वहीतही होता. त्या बिचाऱ्याची ॲपेंडिक्स दरवर्षी निघते, नाडी मात्र ढळत नाही. मी माझ्या पेशंटची खरी केस लिहून नेली तर ट्युटर म्हणाल्या, फॉरमॅटमध्ये नाही, पट्टीनं आखलेला हा रकाना कुठून आला? तो काकूंचा रकाना होता. पाच गुण गेले.

आणि याच वर्षी नर्सिंग एज्युकेशनचा पेपर. त्यात माल्कम नोल्स येतात, मोठ्या माणसांच्या शिकण्याबद्दल. प्रौढ माणूस आपल्या अनुभवातून शिकतो, त्याला स्वतःची जबाबदारी घेऊ द्या, वगैरे. ते शिकवत असतानाच नोटीस फिरली की गैरहजेरीच्या अर्जावर पालकांची सही आणा. वर्गात सगळ्यात लहान मुलगी पंचवीसची. माझे वडील जाऊन सहा वर्षं झाली. घरी मी हे सांगितलं तर मुलगा म्हणाला, आई, मी करू का सही?

गैरहजेरीवरून आठवलं. थिअरीला ऐंशी टक्के हजेरी चालते, पण क्लिनिकलची हजेरी डिग्रीच्या आधी शंभर टक्के भरून द्यावी लागते. आईच्या आजारपणात माझे चार दिवस गेले होते, ते मी दिवाळीच्या सुट्टीत भरून दिले. तेव्हा चडफडले. आता वाटतं, सगळ्या नियमांत हा एक नियम त्या फ्रेमशी इमान राखून आहे.

एज्युकेशनच्या पेपरनं मला एक गोष्ट मात्र दिली, आणि तीही चुकून. असाइनमेंट होती, कॉलेजच्या तत्त्वज्ञानातलं एक वाक्य घ्या आणि ते खालपर्यंत कसं उतरतं ते दाखवा. पुस्तकात साखळी दिलेली असते. तत्त्वज्ञानातून उद्दिष्टं, उद्दिष्टांतून विषय, विषयातून धडा, धड्यातून वॉर्डातलं काम, आणि शेवटी मूल्यमापन. टायलर म्हणून एक गृहस्थ, १९४९ सालचे, ते तत्त्वज्ञानाला चाळणी म्हणतात. शिकवण्यासारखं तर जगात पुष्कळ असतं, त्या चाळणीतून जे खाली पडेल ते शिकवायचं. सगळ्यांनी नेटवरून उतरवून दिलं. मी हट्टानं ‘व्यक्तीचा मान राखला जाईल’ हे वाक्य धरलं आणि एकेक पायरी खाली गेले. उद्दिष्टांत सापडलं. विषयाच्या प्रस्तावनेत सापडलं. लेसन प्लॅनमध्ये ‘ॲटिट्यूड’च्या रकान्यात एका शब्दापुरतं सापडलं. मग प्रॅक्टिकलच्या परीक्षेला आमच्या कॉलेजची बेड बाथची, म्हणजे पेशंटला पलंगावरच अंघोळ घालायची, चेकलिस्ट काढली, एकूण वीस गुण. ट्रे नीट लावायला चार. चादरीचे कोपरे बरोबर मोडायला तीन. पेशंटला काय करणार ते सांगणं आणि पडदा ओढणं, दोन्ही मिळून एक. पेशंट स्वतः काय करू शकतो ते विचारायला काहीच नाही.

म्हणजे चाळणी होती, पण भोकं चादरीच्या कोपऱ्यांच्या मापाची. मुलगी वीसपैकी एकोणीस घेऊन पास होते आणि काकांच्या डाव्या गालावर वरण तसंच. यात मुलींचा काय दोष? ज्याला गुण, ते त्या शिकणार. फाउंडेशनच्या मॅडमनी केलं काय होतं, तर इंटर्नलच्या त्यांच्या हातातल्या थोड्या गुणांत ही वाटणी स्वतःच्या पेननं बदलली होती. आम्हाला तेव्हा वाटायचं मॅडम उगाच कडक.

मी असाइनमेंटमध्ये हे सगळं लिहिलं, चेकलिस्ट झेरॉक्स करून जोडली. दहापैकी सहा. शेरा, ‘विषयाला धरून लिहा’.

मानसिक आरोग्याच्या पोस्टिंगबद्दल एवढंच सांगते की तिथं माझी तेरा वर्षं शून्य झाली. बेनरबाईंनी १९८४ साली नर्सच्या पाच पायऱ्या सांगितल्यात, नवखीपासून निष्णातपर्यंत, आणि वॉर्ड बदलला की निष्णात बाई परत नवखी होते. सर्जिकलमध्ये मी मॉनिटर वाजायच्या आधी ओळखते, पेशंट तीनदा पांघरूण काढायला लागला की मी डॉक्टरला फोन लावते. तिथं लावायला सलाईन नाही, मोजायला ड्रेन नाही. एक बाई रोज विचारायच्या, उमरेडची गाडी किती वाजता? मी पहिले दोन दिवस उत्तर शोधत होते. पेपलाउ म्हणतात, नातं हेच काम, आधी ओळख होऊ द्या. तिसऱ्या दिवशी नुसती शेजारी बसले. त्यांनी विचारलं, तुम्हालाही उमरेडलाच जायचंय का? मी म्हटलं, तुम्ही सांगा, काय आहे उमरेडला. मग त्या पाऊण तास बोलल्या. त्या वेळी ट्युटर आसपास नव्हत्या. पण पहिल्या वर्षाचं अंगात मुरलेलं होतं, म्हणून जमलं. आमच्या बॅचच्या आधीच्या मुलींना, ज्यांना त्या मॅडम मिळाल्याच नाहीत, त्यांना विचारलं तर त्या म्हणाल्या, पोस्टिंगमध्ये जर्नल पूर्ण केलं, मस्त वेळ गेला.

बाकीच्या विषयांवर लिहिण्यासारखं फार नाही. बायोकेमिस्ट्री आली तशी गेली. रिसर्चचा प्रोजेक्ट आम्ही सातजणींनी मिळून केला आणि त्यातलं गणित एकीच्या भावानं केलं. बस वेळेवर येते, कँटीनचे तर्री पोहे बरे आहेत पण तर्री वेगळी मागावी लागते. फीमध्ये लॉगबुक, आयकार्ड, कार्यक्रम हे सगळं वरून लागतं, ते आधीच लेखी विचारून घ्या, मागाहून वाद घालून मला काही मिळालं नाही.

मग घ्यावं का ॲडमिशन? डिग्री लागणार असेल तर घ्या. मला पश्चात्ताप नाही, आणि निकालही चांगला लागतो त्यांचा. पाचपैकी मार्क द्या म्हणाल तर पहिल्या वर्षाला साडेचार, दुसऱ्याला दीड. मी आता परत धंतोलीत आहे, पुढल्या वर्षी क्लिनिकल इन्स्ट्रक्टरसाठी अर्ज करीन, बहुतेक दुसरीकडे.

पण बघायला जाल तेव्हा ऑफिसात बसून बिल्डिंग आणि फ्रेम बघू नका. फाउंडेशन कोण शिकवतं आणि ती मॅडम किती वर्षांपासून आहे ते विचारा. एक प्रॅक्टिकलची चेकलिस्ट मागा, देतील न देतील. मग दुपारी दोनच्या सुमाराला गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर थांबा, पोस्टिंगहून परतलेल्या मुली तिथं असतात. त्यांच्यातल्या एकीला सहज विचारा, बाई, तुझ्या केस बुकातला पेशंट कोण गं? एखादीनं त्याच्या गावाचं, त्याच्या बायकोचं काही सांगितलं तर बिनधास्त फी भरा. रमेश, ५२ वर्षे असं उत्तर आलं, तर चहाचे पैसे द्या आणि घरी या.